मांजरीच्या मानेवर, पाठीवर बारीक बारीक खपल्या आणि सतत खाजवणं – काय असेल?

डोंबिवलीची माऊ

नमस्कार मंडळी, आमच्या चिंगीबद्दल विचारायचंय. वय साधारण तीन वर्षं, देशी, तिरंगी, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे. पिल्लू असताना पार्किंगमधून वर आणली, आता घरातच असते, सगळ्या खिडक्यांना जाळ्या आहेत, फक्त संध्याकाळी दार उघडं दिसलं की जिन्यात एक चक्कर मारून येते.

पाऊस सुरू झाल्यापासून तिला प्रचंड खाज येतेय. वरून बघितलं तर काही म्हणजे काही दिसत नाही, पण मानेवरून आणि शेपटीच्या वरच्या भागावरून हात फिरवला की जाड रवा हाताला लागावा तशा बारीक टणक खपल्या लागतात. एखादी निघून आली तर खाली लालसर ओलं दिसतं आणि खपलीबरोबर केसांचा झुपकाही येतो. मांडीच्या आतल्या बाजूचे आणि पोटाचे केस तिने चाटून चाटून पार विरळ केलेत. रात्री झोपेतून मधेच दचकून उठते आणि शेपटीच्या बुडाशी दातांनी कचाकचा चावत बसते, बघवत नाही हो. खाणं-पिणं, शी-शू सगळं व्यवस्थित. खायला ड्राय फूड, उकडलेलं चिकन, आणि रविवारी आमच्याकडे बांगडा आणला की त्यातला तिचा वाटा ठरलेला.

पिसवा असतील म्हणावं तर मला तरी एकही दिसली नाही, आणि घरातच राहणाऱ्या मांजरीला कुठून होणार? सासूबाई म्हणतायत खोबरेल तेलात कापूर घालून लावू. मेडिकलवाल्याने माणसांची एक ट्यूब काढून दिली, ती मी अजून उघडली नाहीये. घरात सहा वर्षांचा मुलगा आहे, तो तिला मांडीवरून उतरूच देत नाही, त्यामुळे हे त्याला लागेल का हीपण भीती. डॉक्टरांची अपॉइंटमेंट शनिवारची मिळालीय. तोपर्यंत काय करू आणि काय अजिबात करू नको, सांगा प्लीज.

मांजरवाली मावशी

सगळ्यात आधी कापूर नको. सासूबाईंना माझं नाव सांगा पाहिजे तर! कापूर मांजरांना विषारी असतो, आणि अंगावर लावलेली प्रत्येक गोष्ट मांजर चाटून पोटात घेतंच, त्यामुळे "नुसतं वरून लावतोय" असं मांजराच्या बाबतीत काही नसतंच. टी ट्री ऑइल, निलगिरी, डेटॉल, सगळं त्याच यादीत. फरशी काळ्या फिनाइलने पुसत असाल तर तेही बंद करा, त्यातलं फिनॉल मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाही आणि पंजे ओल्या फरशीवर पडतात, मग तेच पंजे ती चाटते.

आता खपल्यांचं. तुम्ही सांगताय ती जागा, म्हणजे मान, कंबर, शेपटीचं बूड, मांडीची आतली बाजू, पोट, हे ऐकून माझ्या डोक्यात पहिलं नाव पिसवांचंच आलं. मी गेली बरीच वर्षं रस्त्यावरच्या मांजरांना खायला घालते, त्यांची ने-आण करते, आणि पावसाळ्यात दर दुसऱ्या मांजराची हीच तक्रार असते. पिसू दिसत नाही याचा अर्थ पिसू नाही असा होत नाही. ज्या मांजराला पिसवांची अ‍ॅलर्जी असते ते इतकं चाटतं की सापडेल ती पिसू गिळून टाकतं! आणि अ‍ॅलर्जी पिसूच्या लाळेची असते, त्यामुळे अंगभर पिसवा लागतच नाहीत, एखाद-दुसरी चावली तरी पुढे कितीतरी दिवस खाज चालू राहते.

आज रात्री एक करा. उवा-लिखांची असते ना ती बारीक फणी घ्या, कंबरेवरून शेपटीकडे चार-पाच वेळा फिरवा, फणीत आलेला कचरा पांढऱ्या टिश्यूवर झटका आणि टिश्यूवर थोडं पाणी शिंपडा. काळे कण विरघळून भोवती तांबूस डाग पसरला तर ती माती नाही, पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे पचलेलं रक्तच. माती असेल तर काळीच राहील. करून सांगा काय दिसलं.

पुणेरी बोका

मावशींशी सहमत पण एक बाजू मांडतो. आमच्या बोक्याला हुबेहूब असंच झालं होतं आणि शेवटी निघाली खाण्याची अ‍ॅलर्जी. डॉक्टरांनी चिकन पूर्ण बंद करायला लावलं. मासे आणि चिकन हे दोन्ही मांजरांमधल्या फूड अ‍ॅलर्जीत नेहमी सापडणारे आहेत, त्यामुळे तुमचा रविवारचा बांगडा माझ्या मते आधी थांबवा. बाकी, बदल लगेच दिसत नाही हे लक्षात ठेवा, नवीन खाणं किमान आठ आठवडे द्यावं लागतं, आणि त्या काळात एक तुकडासुद्धा दुसरं काही नाही, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे आजोबा गुपचूप चिकन द्यायचे, त्यांना समजावणं हे बोक्याला समजावण्यापेक्षा अवघड गेलं.

मांजरवाली मावशी

बोका, तुमचं अगदी खरं, पण क्रम उलटा करू नका असं मला वाटतं. खाण्याच्या अ‍ॅलर्जीत बऱ्याचदा चेहरा, कानासमोरचा भाग, मान इथे जास्त ओरबाडलेलं दिसतं, कधी सोबत उलट्या किंवा पातळ शी असते. चिंगीचा जोर कंबरेत आणि शेपटीपाशी आहे. आणि पिसवांचा बंदोबस्त न करता खाणं बदललं तर दोन महिन्यांनी कळणारच नाही की फरक पडला तो कशाने आणि नाही पडला तो कशामुळे. आधी पिसवा, मग खाणं. डॉक्टरही बहुतेक हेच म्हणतील.

व्हेट इंटर्न

मी पशुवैद्यकीयच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे हे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी समजू नका, शनिवारी जाईपर्यंत सांभाळायला म्हणून लिहितेय.

ती ट्यूब उघडली नाहीत, हे खूप बरं केलंत. मेडिकलमध्ये खाजेसाठी सर्रास मिळणाऱ्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. बुरशी असेल तर स्टिरॉइडमुळे ती वाढते, वरून लक्षणं दबतात आणि डॉक्टरांना खरं चित्रच दिसत नाही. शिवाय चाटून पोटात जाणार ते वेगळंच.

यापेक्षाही महत्त्वाचं, आणि हे ज्यांच्या घरी मांजर आहे त्या प्रत्येकाने वाचावं: परमेथ्रिन हे कीटकनाशक. कुत्र्यांसाठी जे मानेवर टाकायचे थेंब मिळतात त्यातल्या काहींमध्ये हे असतं, माणसांच्या उवांच्या लोशनमध्ये असतं, खरजेच्या क्रीममध्ये असतं. कुत्र्याला चालतं, माणसाला चालतं, मांजराला नाही. काही तासांत अंग थरथरायला लागतं, मग झटके येतात आणि वेळेत उपचार नाही मिळाले तर मांजर जातं. ओपीडीला अशा केसेस येतात आणि आणणारे लोक प्रेमानेच लावून आलेले असतात, "कुत्र्याचंच आहे, थोडंसं टाकलं" म्हणतात. थोडंसंसुद्धा नाही. चुकून लागलं असेल तर थंडी वाजू न देता कोमट पाण्याने आणि साध्या भांड्यांच्या साबणाच्या लिक्विडने धुवायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा, थरथर सुरू व्हायची वाट बघायची नाही. घरात कुत्रा आणि मांजर दोघं असतील तर कुत्र्याला असं औषध टाकल्यावर निदान तीन दिवस दोघांना वेगळं ठेवा.

तसंच खाज, ताप कशासाठीही पॅरासिटामॉल देऊ नका. मांजराला एक गोळीसुद्धा जिवावर बेतू शकते.

शनिवारी डॉक्टरांना हे नक्की सांगा: खाज आधी सुरू झाली की खपल्या आधी आल्या, घरात आणखी कोणाला खाज आहे का, दर पावसाळ्यात होतं का. आणि जायच्या आधी दोन-तीन दिवस आंघोळ घालू नका, सगळे पुरावे धुऊन जातात. या बारीक पुरळासारख्या खपल्यांना मिलियरी डर्मटायटिस म्हणतात, पण ते आजाराचं नाव नाही, ती त्वचेची प्रतिक्रिया आहे. मागे पिसवा असू शकतात, खाणं, बुरशी, माइट्स (कातडीवरचे अगदी बारीक किडे), धुळीची अ‍ॅलर्जी, काहीही. त्यामुळे "खपलीचं औषध द्या" न म्हणता "कशामुळे होतंय ते बघा" म्हणा. स्किन स्क्रेपिंग (कातडी हलकेच खरवडून तपासणं) आणि केसांची तपासणी करायला सांगा, तिथल्या तिथे होते.

डोंबिवलीची माऊ

मावशी!! टिश्यू तांबडा झाला! पाणी टाकल्याबरोबर प्रत्येक काळ्या ठिपक्याभोवती गंजासारखा डाग पसरला, मुलगा शेजारी उभा होता तो म्हणे आई हे तर रक्त आहे. फणीत जिवंत पिसू तरीही एकही नाही. आणि आणखी एक, शेपटीखालच्या केसांना तिळाएवढे पांढरे सुके दाणे चिकटलेले दिसले, ते काय असेल?

इंटर्न ताई, खूप खूप आभार, आमच्या शेजारच्या काकू त्यांच्या लॅब्रॅडॉरचे थेंब द्यायला निघाल्या होत्या, त्यांना तुमची पोस्टच वाचून दाखवली.

व्हेट इंटर्न

ते दाणे एका कागदात घालून डॉक्टरांकडे न्या. बहुतेक टेपवर्मचे तुकडे असतील. पिसूच्या पोटात या जंताची अळी असते, मांजराने चाटताना पिसू गिळली की जंत पोटात वाढतो आणि त्याचे तुकडे शेपटीखाली दिसतात, ओले असताना हलतात, सुकले की तिळासारखे. म्हणजे पिसवांचा हा दुसरा पुरावा. जंताची गोळी सरसकट कुठलीही चालत नाही, टेपवर्मसाठी प्राझिक्वांटेल असलेली लागते, वजनावर डोस ठरतो. आणि पिसवा राहिल्या तर जंत परत येणारच.

वेंगुर्लेकर

विषय चाललाच आहे तर आमच्या कोकणातला एक प्रकार सांगून ठेवतो, कारण तो बघून लोक उगाच खरूज समजतात. आमच्या काळ्या बोक्याच्या नाकाच्या दांड्यावर आणि कानांच्या बाहेरच्या बाजूला दर पावसात खपल्या यायच्या, नाकावरचे केस जायचे, ओलं व्हायचं. पाठ-पोट एकदम साफ. एका डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, रात्री पडवीत झोपतो का? डासांची अ‍ॅलर्जी निघाली. जिथे केस कमी तिथे डास चावतात, म्हणून नाक, कान, कधी पंजाच्या गाद्यांची कड. रात्री घरात घ्यायला लागलो, खिडकीला बारीक जाळी बसवली, आठवडाभरात नाक भरून आलं. माडाबागायतीत डास काय कमी असतात, पण संध्याकाळ झाली की तो आत येणार हा नियम आता घरातले सगळे पाळतात.

याउलट खरी खरूज मी वाडीतल्या एका भाटीला, म्हणजे मांजरीला, बघितली. कानाच्या कडेपासून सुरू झाली, मग कपाळ, डोळ्यांच्या वर, राखाडी जाड कवच चढल्यासारखं, कातडी सुरकुतून तोंड म्हाताऱ्यासारखं. ती फार पसरते, दुसऱ्या मांजराला लगेच लागते, हाताळणाऱ्या माणसालाही तात्पुरती खाज सुटते. ती दिसायला भयंकर असते पण औषधाला चांगली दाद देते, त्या भाटीचे केस नंतर असे आले की ओळखू येईना. म्हणून असं मांजर रस्त्यावर दिसलं तर हाकलू नका, कोणाला तरी कळवा.

नाशिकची सई

मुलाला लागेल का हा प्रश्न तसाच राहिला म्हणून लिहितेय. खपल्यांसोबत जर केस गेलेला गोल चट्टा असेल, कडेचे केस तुटके, कोंडा झाल्यासारखं, तर तो गजकर्ण म्हणजे बुरशी असू शकते आणि ती माणसांना लागते, मुलांना जास्त. आम्ही दत्तक घेतलेल्या पिल्लाला होती, मग माझ्या लेकीच्या दंडावर गोल चट्टा उठला, तेव्हा कळलं. डॉक्टर अंधारात एक निळसर दिवा मारून बघतात, बुरशीचे केस हिरवट चमकतात, पण प्रत्येक वेळी चमकतातच असं नाही, त्यामुळे नाही चमकलं म्हणजे नाही असं धरू नका, केसांचं कल्चर (लॅबमध्ये बुरशी वाढवून बघणं) करायला सांगा, रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात.

बुरशी निघाली तर पिल्लाला कोंडून वेगळं टाकायचं आणि रडत बसायचं असं काही नाही. पोटातून औषध, डॉक्टरांनी दिलेलं धुवायचं औषध, आणि घरातला प्रत्येक केस गोळा करणं, कारण बुरशीचे कण गळलेल्या केसांवर महिनोन् महिने जिवंत राहतात. चादरी धुणं, सोफा पुसणं, वैताग येतो पण बरं होतं. घरात केमो चालू असलेलं कोणी, तान्हं बाळ असेल तर मात्र जास्त जपा.

मांजरवाली मावशी

आता माऊताईंसाठी घराचं सांगते, कारण इथेच बहुतेक लोक हरतात. मांजरावर दिसतात त्या पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्याचा अगदी थोडा भाग. मादी पिसू दिवसाला ४०-५० पर्यंत अंडी घालते, ती अंडी गुळगुळीत, अंगावरून घरंगळून चिंगी झोपते तिथे पडतात. त्यातून अळ्या निघतात, त्या उजेड टाळतात, सोफ्याच्या फटीत, गादीच्या शिवणीत, पायपुसण्याखाली जातात आणि कोष करतात. त्या कोषावर कुठलंच औषध धड चालत नाही, आणि आत पिसू काही महिने दबा धरून बसू शकते. माणसाच्या पावलांचा हादरा, अंगाची ऊब मिळाली की बाहेर. म्हणून गणपतीला गावाला जाऊन आठ दिवसांनी घर उघडलं की पायांवर पिसवा तुटून पडतात, लोकांना वाटतं आत्ता कुठून आल्या, त्या तिथेच होत्या. आपल्याकडची पावसाळी दमट गरम हवा त्यांना तर पर्वणीच.

घरातल्या मांजरीला कुठून होणार विचारलंत, तर जिन्यातून. पार्किंगमध्ये मांजरं, उंदीर, कुत्री बसतात, तिथून तिच्या अंगावर किंवा तुमच्या पॅन्टच्या पायावरून.

तर डॉक्टर जे मानेवर टाकायचे थेंब देतील ते मांजराचेच, तिच्या वजनाचे, आणि घरात दुसरं कोणी प्राणी असेल तर सगळ्यांना एकाच दिवशी. केस बाजूला करून कातडीवर, दोन कानांच्या मागे, मानेच्या मागच्या बाजूला डोक्याच्या बुडाशी, जिथे तिची जीभ पोचत नाही, केसांवर नाही. आणि किमान तीन महिने, एकही महिना न चुकता, जरी पहिल्याच महिन्यात खाज थांबली तरी. कोषातून उशिरा निघणाऱ्या पिसवा त्यासाठीच. तिची गोधडी, सोफ्याचे अभ्रे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात, ऊन मिळेल त्या दिवशी. व्हॅक्यूम असेल तर सोफ्याच्या फटी रोज, आणि त्याची पिशवी लगेच घराबाहेर. स्प्रे वगैरे मारायचा असेल तर डॉक्टरांना विचारून, चिंगी घराबाहेर असताना, पूर्ण सुकल्यावरच तिला आत घ्या.

पुणेरी बोका

एक विनंती. खाज थांबावी म्हणून काही ठिकाणी लांब काम करणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. पहिल्यांदा जादू झाल्यासारखं वाटतं, मग दर दीड-दोन महिन्यांनी तेच. त्याने मांजरांना डायबिटीस होऊ शकतो. कधी कधी गरज असते, मी डॉक्टर नाही, पण कारण काय, हा प्रश्न विचारल्याशिवाय दुसरं इंजेक्शन घेऊ नका.

डोंबिवलीची माऊ

सगळ्यांसाठी अपडेट. शनिवारी दाखवून आलो. डॉक्टरांनी फणी फिरवली, स्किन स्क्रेपिंग केलं, अंधारात दिवा मारून बघितला. बुरशी दिसली नाही, माइट्स नाहीत, पिसवांची अ‍ॅलर्जीच. केसही तपासायला पाठवलेत, सईताई, तुमच्यामुळे मी आठवणीने विचारलं. ते दाणे टेपवर्मच होते. मानेवर टाकायचे थेंब दिले, तीन महिन्यांचे एकदम, जंताची गोळी, आणि खाजेसाठी कमी दिवसांच्या गोळ्या, हळूहळू कमी करत बंद करायच्या. बांगडा चालू ठेवा म्हणाले, आत्ता एकाच वेळी सगळं बदलू नका. पिसवा गेल्यावरही खाज राहिली तर मग खाण्याचा विचार, म्हणजे मावशी म्हणत होत्या तोच क्रम.

खपल्या नखाने काढायच्या नाहीत म्हणाले, खालचं ओलं सुकलं की आपोआप गळतील, आणि तसंच होतंय. दोन खपल्या काल तिच्या ब्रशमध्ये आल्या आणि खाली गुलाबी कोरडी कातडी, बारीक नवे केस. रात्रीचं दचकणं जवळजवळ थांबलंय. मांडीचे केस यायला वेळ लागेल म्हणाले. मुलाच्या पायावर डास चावल्यासारखे दोन-तीन फोड होते, ते पिसवांचेच होते. गोधडी आणि अभ्रे धुऊन झालेत, ऊन मात्र अजून सापडलेलं नाही, इस्त्री फिरवली.

एकच राहिलं. खालच्या पार्किंगमध्ये चार मांजरं आहेत, त्यातली एक तर चिंगीची आईच असावी असा आमचा कयास आहे. त्यांच्या पिसवा राहिल्या तर चिंगीच्या येत राहणार ना? त्यांचं काय करता येईल? ती अंगाला हात लावू देत नाहीत.

मांजरवाली मावशी

होय, येत राहणार. खायला घालणारं कोणी असेल तर त्या व्यक्तीला मांजरं जवळ येऊ देतात, खाताना मान खाली असते तेव्हा थेंब टाकता येतात, एका हाताने केस बाजूला, एका हाताने पिपेट, दोन सेकंदांचं काम आहे. जबरदस्तीने पकडू नका. चावलं-ओरबाडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी जा. त्या चौघांची ऑपरेशनं झालीत का तेही बघा, नसतील तर दोन्ही एकाच वेळी होऊन जाईल, बेशुद्ध असताना कान-कातडी सगळं नीट तपासता येतं. खर्चाचा प्रश्न असेल तर परळला प्राण्यांच्या बैलघोडा हॉस्पिटलला चौकशी करा, डोंबिवलीहून लांब पडतं पण जमत असेल तर बघा.

आणि एकाही पिल्लाला थेंब टाकायच्या आधी वय-वजन डॉक्टरांना सांगून विचारा, मोठ्या मांजराचा डोस पिल्लाला कधीच नाही.

डोंबिवलीची माऊ

वॉचमनकाका रोज त्यांना दूध-पाव घालतात, त्यांच्याशी बोलले. म्हणाले, ती पांढरी आणि दोन काळ्या माझ्या पायात येऊन बसतात, त्यांचं मी करतो, फक्त बोका जरा तापट आहे. सोसायटीच्या ग्रुपवर थेंबांसाठी वर्गणीचं विचारलं तर तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी दोघांचे पैसे लगेच देऊ केले. बोक्याचं ऑपरेशनच्या वेळीच बघू असं ठरलंय. पुढच्या रविवारी पहिले थेंब.

व्हेट इंटर्न

छान! बाकीच्या तिघींचं वजन अंदाजाने ठरवू नका, काकांना त्या पायात बसतात तेव्हा एकेकीला पिशवीसकट काट्यावर ठेवता आलं तर बघा, नाहीतर शेजारी उभं राहून फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. आणि कोणी व्यालेली किंवा गाभण दिसत असेल तर तसं आधी सांगा, सगळे थेंब त्यांना चालत नाहीत. दूध-पावाऐवजी काकांना मूठभर ड्राय फूड नेऊन द्या, मोठ्या मांजरांना दूध पचत नाही.